बावीस डोळे

इरेश, बंदुकीचं नंतर बघू.
आधी डोळ्यांवर काय घालणार ते दाखव.

हा? नव्या पेठेतला उन्हाचा चष्मा, दीडशेचा?
ठेव खिशात, मित्राच्या वरातीत घाल.
इथं छर्रा समोरूनच येतो असं नाही,
खांबावर आपटतो आणि कानशिलाजवळच्या फटीतून शिरतो.
फट नसलेला गॉगल पाहिजे, मागं रुंद पट्टा,
खाली जाळीचा मुखवटा, दातही परत उगवत नाहीत.
काचेवर वाफ धरते? धरू दे.
दिसेनासं झालं की हात वर कर, बाहेर ये,
चुन्याच्या रेघेपलीकडं उभा राहून पूस.
आत असताना घाम डोळ्यात गेला तरी
गॉगल उचलायचा नाही.
बोटभरसुद्धा.

ही अक्कलकोट रोडची शेवटची शेड.
माग भंगारात गेले,
फरशीतून वर आलेले बोल्ट तेवढे राहिले,
म्हणून म्हणतो, घोटा झाकणारे बूट.
चपलेवर आलेल्याला मी दिवसभर पाणी भरायला बसवतो.
पत्र्यामागं लपण्याआधी काठीनं हलवून बघ,
विंचू कुठल्याच टीमचा नसतो.

मालकाची चिठ्ठी, चौकीत दिलेला अर्ज
माझ्या पिशवीत आहेत.
तुझी बंदूक घरातून पिशवीत निघेल
आणि पिशवीतच घरी जाईल.
सिग्नलला कुणाला काढून दाखवायची नाही.
नळीचं केशरी टोक काळं रंगवलंस
तर ते खेळणं आहे हे फक्त तुला माहीत राहील बे,
समोरच्या हवालदाराला नाही.

ही नळीची टोपी घे.
चादरीच्या कातरणीची, तबस्सुमच्या आईनं शिवलेली,
लाल मोराची अर्धी मान आलीय तिच्यात.
आधी मॅगझिन काढ,
जमिनीकडं एक रिकामा बार,
मग टोपी.
क्रम चुकला की मोराला भोक पडतं.
तीन मोर गेलेत आतापर्यंत.

बॅटरी गाडीच्या डिकीत विसरू नकोस,
मल्लूची पुरीसारखी फुगली होती,
वाळूच्या बादलीत टाकून आम्ही लांब उभे.
पाणी दोन बाटल्या, एक मीठ-लिंबाची,
तहान लागायच्या आधी पी.
आपलं ऊन आधी डोकं नेतं, मग पाय.
मेमध्ये सहाला सुरू, साडेआठला कुलूप.

आता अवघड गोष्ट.
हा छर्रा रंग सोडत नाही.
लागला हे तुला कळतं,
मारणाऱ्याला फार तर वाटतं.
तेव्हा तूच ओरडायचंस, "लागली!"
आणि हात वर करून चालायला लागायचंस.
मागच्या महिन्यात तबस्सुम बाद झाली
बुटाच्या नाडीला चाटून गेलेल्या छर्ऱ्यानं.
कुणीच बघितलं नव्हतं.
त्या दिवसापासून तिच्या शब्दावर आम्ही भांडत नाही.
आणि दहा फुटांच्या आत कुणी सापडलं
तर चाप ओढायचा नाही,
नुसतं म्हणायचं, "धरला."

आमच्या नायनांना असं म्हणणारं कुणी नव्हतं.
ह्याच ओळीत, तिसऱ्या शेडमध्ये, चार माग बघायचे.
रात्रपाळीला धोटा उडाला,
लाकडी, टोकाला लोखंड.
बाकीचे तीन माग पहाटेपर्यंत चालूच होते.
मालकानं त्या दिवाळीला एक चादर जास्तीची दिली.
गॉगल तेव्हा अठरा रुपयांना मिळायचा,
मी नंतर दुकानात जाऊन विचारलंय.

म्हणून खेळ संपल्यावर
कोण जिंकलं ते मला सांगू नका.
मी दारात उभा राहून मोजतो,
अकरा जण, बावीस डोळे.
घरी पोचलो की नायना उजवीकडं मान वळवून
एवढंच विचारतात, "भरले?"

रविवारी पावणेसहाला ये.
कडक भाकरी आण,
शेंगाचटणी माझ्याकडं आहे.